घोड्यावरचा मामा

शहागंजात पतंगांच्या शेजारी लाल टोप्या टांगल्या होत्या. कडेला पांढऱ्या कापसाची पट्टी, टोकाला गोंडा. मानसी, माझी भाचेसून, त्यातली एक हातात घेऊन उलटीपालटी करत होती. माझा भाचा मिलिंद रस्त्यापलीकडं गाडीला टेकून मुद्दाम भलतीकडं बघत उभा होता. दोघांचं सकाळपासून वाजलं होतं. कारण एवढंच की नाताळबाबा रात्री येऊन उशाशी भेट ठेवून जातो, असं मानसीनं त्यांच्या लहानग्या ईशानला सांगितलं होतं, आणि पोराशी खोटं बोलायचं नाही असं मिलिंदनं घरात जाहीर केलं होतं.

"आत्या, तुम्हीच सांगा," मानसी म्हणाली, "यात कुणाचं काय नुकसान आहे?"

मी घड्याळाच्या मनोऱ्याकडं बघत होते. त्याच्या पायथ्याशी आता मोबाइलची कव्हरं विकणारे बसतात. माझ्या लहानपणी तिथं तांगे उभे राहायचे आणि घोड्यांना पाणी पाजायला एक दगडी हौद होता. लीद, ओला चारा, घामानं भिजलेलं चामडं, आणि या सगळ्यावरून तरंगत येणारा समोरच्या भट्टीतल्या नानचा वास. त्याच हौदापाशी माझा धाकटा भाऊ दिनू, म्हणजे या मिलिंदचा बाप, एका दिवाळीत हरवला होता.

*

आमची गल्ली शहागंजच्या मागं होती. मागच्या खोलीला खिडकी नव्हती. तिथं आई धान्य ठेवी, आणि त्या वर्षी दिवेलागणीला आम्हालाही ठेवी. हैदराबाद संस्थानातलं, पोलीस ॲक्शनच्या आधीचं ते वर्ष. अण्णा सरहद्दीपलीकडं गेलेले. कुठं, कसे, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. आई, मी आणि दिनू. हळदीच्या पोत्यांचा वास, भिंतीच्या ओलीचा वास, आणि आईच्या पदराला आलेला धुराचा वास.

मग टापा ऐकू यायच्या.

गल्लीत फरशी होती, त्यामुळं टापा लांबूनच कळत. गस्तीचे घोडेस्वार होते ते. त्यांना आमच्याकडं कुणी नावानं बोलत नसे, नुसतं 'ते' म्हणत. 'ते' आले की साऱ्या गल्लीतले आवाज एकदम विझायचे. जातं थांबायचं, पाळण्याची कडी थांबायची. एकदा दिनूनं रडायला तोंड उघडलं तेव्हा आईनं त्याच्या तोंडावर हात दाबला. तो तडफडला, डोळे पांढरे झाले, तरी तिला हात काढवेना. टापा गेल्यावर तिनं हात काढला. दिनूच्या गालावर बोटांचे वळ उठले होते.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिनं आम्हाला जवळ घेतलं आणि म्हणाली, "अरे, तुम्हाला सांगायचंच राहिलं की. घोड्यावरनं तो कोण येतो, माहीत आहे का? तुमचा मामा येतो. जी लेकरं गप बसतात ना, त्यांच्यासाठी तो काही ना काही ठेवून जातो."

आईला सख्खा भाऊ नव्हता. मला ते ठाऊक होतं. दिनूला नव्हतं.

त्या संध्याकाळी टापा आल्या आणि दिनू रडला नाही. माझ्या मांडीवर बसून त्यानं श्वास रोखून धरला. त्याच्या छातीची धडधड मला माझ्या हाताला लागत होती, पण तो हसत होता. अंधारात मला त्याचे दात दिसले. सकाळी त्याच्या उशाशी हिमरू कापडाच्या चिंध्यांचा एक घोडा होता. पोटात भुसा, डोळ्यांच्या जागी करडईचे दोन दाणे. दिनूनं तो घोडा नाकाशी धरून हुंगला आणि म्हणाला, "अक्का, मामाचा वास बघ." मी हुंगलं. हळदीच्या पोत्यांचा वास येत होता. मी आईकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि चुलीवर काही नसताना उगाच चूल फुंकायला बसली.

मग कधी भोवरा आला, कधी मातीची चिमणी, सीताफळाच्या दिवसांत उकललेलं सीताफळ. गल्लीत टापा वाजायच्या तशी आईची पाठ ताठ व्हायची आणि दिनूचे डोळे चमकायचे. मी त्या दोघांच्या मधे बसलेली असे. एका अंगाला आईची भीती लागायची, दुसऱ्या अंगाला त्याचा आनंद. त्या वर्षाचं मला आठवतं ते इतकंच. बाकी काय काय झालं ते मोठेपणी पुस्तकात वाचलं.

*

मग पोलीस ॲक्शन झाली. घराघरावर झेंडे लागले, अण्णा परत आले. त्यांची दाढी वाढलेली होती आणि दिनू त्यांना घाबरून माझ्यामागं लपला. पूर्वी उर्दूतून गणित शिकवणारे अण्णा आता मराठीतून शिकवू लागले. जमा आणि तफरीकच्या जागी बेरीज आणि वजाबाकी म्हणताना सुरुवातीला अडखळत. अण्णा खोटं बोलत नसत. गल्लीत भांडण झालं की लोक म्हणत, "गुरुजींना विचारा." अण्णांनी सांगितलं की भांडण मिटे.

टापा थांबल्या. दिनूचा मामा मात्र थांबेना. "आता तो फक्त दिवाळीत येतो," आई म्हणाली. पहिल्या दिवाळीला पाडव्याच्या पहाटे लाकडी गाडा आला. अण्णांनी तो हातात घेऊन पाहिला, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवाळीच्या आधी मात्र बोलले.

आई चकल्या पाडत होती. तळणाच्या वासानं घर भरलं होतं. अण्णा उंबऱ्यात बसले होते.

"पुरे झालं आता. दिनूला खरं सांग."

"एवढी दिवाळी होऊ द्या."

"कशाला? ज्यांना भ्यायचं त्यांनाच मामा म्हणायला शिकवलंस तू त्याला. उद्या कुणाही घोडेवाल्याच्या मागं जाईल."

आईनं सोऱ्या खाली ठेवला. "तुम्ही नव्हता इथं," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी मी जिथं होते तिथं गोठले. "तो ओरडला असता तर? मी त्याचं तोंड दाबून धरलं होतं. अजून थोडा वेळ धरलं असतं तर काय झालं असतं, तुम्हाला कोण सांगणार होतं?"

कढईतली चकली करपली, तिचा कडवट वास सुटला, तरी कुणी ती काढली नाही. शेवटी अण्णा हळूच म्हणाले, "म्हणूनच म्हणतो. ते दिवस गेले. त्या दिवसांतलं काही घरात राहायला नको."

आई हरली. का हरली ते मला तेव्हा कळलं नाही. कदाचित तिलाही ते दिवस घरात नको होते.

पाडव्याच्या पहाटे दिनूच्या उशाशी काहीच नव्हतं. मी जागी होते. तो उठला, उशी उचलून पाहिली, अंथरूण झटकलं, वाकून खाटेखाली पाहिलं. रडला नाही. उटणं लावताना गप्प, ओवाळताना गप्प. तेलाचा आणि उटण्याचा वास त्याच्या अंगाला येत होता. त्यानं मला एवढंच विचारलं, "अक्का, मामा वाट चुकला असंल का गं?"

आई आणि अण्णा दोघंही ऐकत होते आणि दोघंही दुसरीकडं बघत होते.

*

फराळाची ताटं घरोघर पोचवण्याची गडबड होती. दिनू कुठं गेला ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आईनं जेवायला हाक मारली, आणि मग गल्लीभर मारली. शेजारच्या घरात नाही, नळावर नाही, देवळात नाही. अण्णा पायात चपला घालून शहागंजात धावले. मागोमाग आई, आणि तिचा पदर धरून मी. आई अनवाणी होती. फटाक्यांच्या दारूचा वास, पायाखाली लाल कागदांचा चुरा.

हौदापाशी एका तांगेवाल्यानं सांगितलं, "एक बच्चा था ना, नवी टोपीवाला? हाशम सवार के घोडे पे बैठके गया. छावनी की तरफ."

"कोण हाशम?"

"पहले गश्त के रिसाले में था. फौज टूटी, नौकरी गई, घोडा रह गया."

आईनं माझं मनगट धरलं; तिचा हात थंडगार होता. मला तो अजून आठवतो, उन्हात तो गारठा.

तोवर आमच्या मागं माणसं जमली होती. पुढं रंगनाथराव होते, आमचे शेजारी. खेड्यावरची शेती-वाडी सोडून ते शहरात आले होते. तिकडं त्यांच्या भावाचं काय झालं हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्यांनी नुसतं 'गश्त' एवढंच ऐकलं.

"व्हय का? आता लेकरं पळवायला लागले का ह्ये?" ते म्हणाले. "चला रे!"

कुणाच्या हातात काठी होती, कुणी दुकानाच्या फळीची दांडी काढली. दुकानं भराभर बंद होऊ लागली. एकामागून एक फळ्या लागण्याचा तो आवाज मी मागं एकदा ऐकला होता. मी अण्णांकडं पाहिलं. ते सगळ्यांना थांबवतील असं मला वाटलं होतं. अण्णांनी भिंतीशी पडलेलं एक लाकूड उचललं. त्यांचा चेहरा मला ओळखू आला नाही. आईनंही ते पाहिलं.

छावणीच्या वाटेवरच्या बारापुल्ला दरवाजाकडं आम्ही कसे गेलो ते सांगता येणार नाही. माझ्या लक्षात आहे तो फक्त माणसांच्या श्वासांचा आवाज. कुणी काही बोलत नव्हतं. गर्दी बोलत नाही तेव्हा ती जास्त भयंकर असते, हे मी त्या दिवशी शिकले.

दरवाजाच्या अलीकडंच ते समोरून आले. एक तांबडा, हाडं वर आलेला घोडा. त्याचा लगाम हातात धरून चालत येणारा, पिकल्या दाढीचा उंच माणूस. आणि घोड्यावर दिनू. ओटीत सीताफळं, तोंडाला गर माखलेला, टोपी मागं सरकलेली. आम्हाला पाहून त्यानं हात वर केला.

"आई! सापडला मामा!"

रंगनाथरावांनी त्या माणसाची गचांडी धरली. लगाम सुटला, घोडा बिथरला, कुणीतरी दिनूला खाली ओढलं, सीताफळं रस्त्यावर फुटली. दिनू किंचाळत होता, "मामाला मारू नका! मामा आहे तो!"

"कसला मामा?" रंगनाथराव ओरडले. "काय सांगितलं रे पोराला? बोल!"

हाशमनं हात जोडले नाहीत, सोडवूनही घेतलं नाही. तो अडखळत बोलला. "बच्चा हौद पे आया. मेरेकू पूछा, तुम मामा है क्या. मैं नक्को बोलनेवाला था. मगर उसका मुँह देखा तो हौ बोल दिया. फिर घर पूछा तो बोलता, तुमकू मालूम है, तुम आते ना हमेशा. सारी गलियाँ फिराया. भूका था, तो घर लेके गया, बीवी ने खिलाया. अब उसका घर ढूँढनेकूच निकला था." मग त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "हौ बोला, ये गुनाह हुआ क्या?"

"खोटं बोलतोय!" मागून कुणीतरी ओरडलं. एक काठी वर गेली.

आई पुढं झाली. तिचा पदर माझ्या हातातून सुटला. त्या काळी आमच्यातल्या बायका भर रस्त्यात पुरुषांशी बोलत नसत. ती रंगनाथराव आणि हाशम यांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"सोडा त्यांना. माझा भाऊ आहे तो."

"वहिनी, तुमी बाजूला व्हा. ह्यो तुमचा भाऊ?"

"माझ्या लेकरांचा मामा आहे. मीच सांगितलंय त्यांना. पोरगं काय म्हणतंय ते ऐकलं नाही का तुम्ही?"

कुणी हसलं नाही. कुणाचा विश्वासही बसला नाही. बसणार कसा? पण ती हलेना. तिच्या केसांतून घाम ओघळत होता, पायाला काच लागून रक्त येत होतं. रंगनाथरावांनी तिच्या डोक्यावरून अण्णांकडं पाहिलं.

"गुरुजी," ते म्हणाले, "तुमी सांगा. तुमी म्हणाल ते आमाला कबूल. ह्यो कोण?"

सगळे अण्णांकडं वळले. हाशम वळला, दिनूही वळला. आई तेवढी वळली नाही. ती पाठमोरीच उभी राहिली. अण्णांच्या हातात लाकूड तसंच होतं. ते दिनूकडं बघत होते, त्याच्या गर माखलेल्या तोंडाकडं. मला वाटलं, आता ते खरं सांगतील. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

"मेहुणा आहे माझा," अण्णा म्हणाले.

त्यांचा आवाज फाटला होता. खाकरून त्यांनी पुन्हा सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझ्या बायकोचा मानलेला भाऊ. दिवाळीला पोरांना भेटायला आला. सोडा त्याला, रंगनाथराव."

रंगनाथरावांचा हात लगेच निघाला नाही. मग हळूहळू निघाला. "लई मोठं बोललात, गुरुजी," ते म्हणाले, आणि खाली थुंकून वळले. त्यांच्यामागून बाकीचे गेले. त्या वर्षी त्यांच्या घरून आम्हाला फराळाचं ताट आलं नाही. पुढं कितीतरी वर्षं ते अण्णांशी बोलले नाहीत.

रस्ता रिकामा झाला. हाशम घोड्याच्या मानेवरून हात फिरवत त्याला शांत करत होता. घोड्याच्या तोंडाला फेस आला होता. तो आईकडं न बघता म्हणाला, "अम्मा, आप लोगां शहागंज के पीछू रहते ना? वो फरशीवाली गली. गश्त में मैं आता था उधर. सब दरवाजे बंद रहते थे. अंदर बच्चे हैं, मालूम नै था."

आईचा चेहरा उतरला. मला वाटलं ती आता काहीतरी भयंकर बोलेल. ती कितीतरी वेळ त्याच्या हाताकडं बघत राहिली, ज्या हातानं त्यानं लगाम धरला होता.

"आता माहीत झालं ना," ती म्हणाली. "जपून जा. मोठ्या रस्त्यानं जाऊ नका."

*

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मी दिनूला ओवाळलं. अंगणात रांगोळीवर ऊन आलं होतं, सुपारीवर कुंकू सांडलं होतं. ओवाळून झाल्यावर अण्णांनी दिनूला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. चिंध्यांचा घोडा कुणी शिवला, गाडा कुणी आणला, टापा कुणाच्या होत्या. सगळं, एका दमात, वजाबाकी समजावून सांगावी तसं.

दिनूनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे आई खोटं बोलली?"

"काल मीही बोललो," अण्णा म्हणाले.

"मग आता खरं कोण बोलतं?"

अण्णा उठले, आत गेले, आणि आईच्या पायाची पट्टी सुटली होती ती बांधायला बसले. अण्णांना मी आईच्या पायाशी बसलेलं तेव्हाच पाहिलं. आधीही नाही, नंतरही नाही. त्या मामाबद्दल ते दोघं पुन्हा कधी भांडले नाहीत. दिनू मात्र कितीतरी दिवस दारात बसून असे. वाट बघत होता की राग धरून बसला होता, मला सांगता आलं नसतं.

हाशमनं पुढं तो घोडा तांग्याला जोडला. तांगा काही दिवस स्टेशनच्या वाटेवर दिसायचा. आई दिसली की तो नजर खाली घेई आणि कपाळाला हात लावी. आई मान हलवी. मग तांगा दिसेनासा झाला. कुणी म्हणालं हैदराबादला गेला, कुणी म्हणालं आणखी लांब. घोड्याचं काय झालं ते कुणीच सांगितलं नाही.

*

शहागंजातून आम्ही घरी आलो तेव्हा मानसीच्या पिशवीत काही नव्हतं. टोपी तिनं परत टांगून ठेवली होती. दिनू ओसरीत खुर्चीवर पेपर वाचत बसला होता. आता त्याला कमी दिसतं, तरी पेपर धरून बसतो.

मिलिंदनं चपला काढल्या न काढल्या तोच तो सुरू झाला. "बाबा, आता तुम्हीच काय ते सांगा. पोराला खरं सांगायचं की नाही?"

"हो बाबा," मानसीही हट्टाला पेटली होती, "सांगाच."

दिनूनं पेपर खाली घेतला. त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं. मी कुठून आले ते त्याला कळलं असावं. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नाही, आई गेली तेव्हाही नाही आणि अण्णा गेले तेव्हाही नाही. त्याला त्यातलं किती आठवतं हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

एवढ्यात ईशान आतून धावत आला. त्यानं सगळं ऐकलं होतं, पोरं ऐकतातच. तो सरळ आजोबांच्या गुडघ्यांना धरून उभा राहिला. मानसीनं ओठ मुडपले.

"आजोबा, तो खरंच येतो का हो?"

दिनूनं चष्मा काढला.

"हे बघ," तो म्हणाला, "सकाळी उठलास आणि उशाशी काही नसलं, तर त्याला शोधायला एकट्यानं जायचं नाही. आधी मला उठवायचं. आपण दोघं जाऊ. कळलं?"

ईशाननं मान हलवली. त्याला एवढंच विचारायचं नव्हतं. "पण तुमच्याकडं आला होता का कधी? खरं सांगा."

दिनूनं बाहेर पाहिलं, अंगणात ऊन कलत चाललं होतं तिकडं. मग नातवाकडं वळून तो म्हणाला, "आला होता. सकाळी नाही आला. दुपारी आला. पण आला."